जंतूंचे घोंगडे

सातारा जिल्ह्यातल्या माणला पाऊस फारसा येत नाही आणि मेंढीला तो फारसा मानवत नाही. दोघांचा हा जुना करार आहे. दहिवडी, म्हसवड, आटपाडी, जत या पट्ट्यातले धनगर दिवाळीनंतर वाडा घेऊन कृष्णाकाठाकडे, घाटमाथ्याकडे, कोणी थेट कोकणापर्यंत उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. तिकडच्या चिखलात मेंढीचे खूर कुजतात. इकडच्या कोरड्या माळावर ती तग धरते. याच सुमारास वाड्यावस्त्यांवर पशुवैद्यकीय दवाखान्याची माणसे बर्फाचे डबे घेऊन फिरू लागतात. डब्यातल्या बाटल्यांवर घटसर्प, फऱ्या, आंत्रविषार अशी नावे असतात. पुण्याच्या औंधमध्ये पशुवैद्यकीय जैविक पदार्थ निर्मिती संस्था आहे. महाराष्ट्रातल्या दावणींना लागणाऱ्या अशा लशी तिथे तयार होतात.

यातला घटसर्प समजून घेतला, तर जंतू आणि शरीर यांच्यातल्या एका फार जुन्या झटापटीचे सूत्र हाती लागते. संध्याकाळी वैरण खाणारा बैल सकाळी मान खाली घालून उभा असतो. डोळे लाल, तोंडातून लाळेची तार, ताप १०६-१०७ अंश फॅरनहाइटपर्यंत. गळ्याखाली सूज येते, ती छातीकडे उतरते आणि श्वास घरघरू लागतो. पुष्कळदा चोवीस तासांच्या आत सगळे संपते. म्हशींना हा रोग अधिकच भोवतो. उशीर झाला, तर भारीतले भारी अँटिबायोटिकही वाया जाते.

या रोगाचा जंतू पाश्चुरेला मल्टोसिडा. तो दरवेळी बाहेरून येतोच असे नाही. धडधाकट दिसणाऱ्या काही जनावरांच्या घशात तो वस्तीला असतो. उपासमार झाली, लांबचा प्रवास पडला, अंगावर एकदम गार पाऊस झाला की त्याला संधी मिळते. एका जनावराच्या शिंकेतून तो दुसऱ्याकडे जातो. २०१२-१३ आणि २०१९च्या दुष्काळात माण तालुक्यात चारा छावण्या लागल्या, तेव्हा गावोगावची जनावरे महिनोन्‌महिने एकमेकांना खेटून बांधली गेली. अशा गर्दीत लसीकरण का चुकवू नये, हे वेगळे सांगायला नको.

मला मात्र कुतूहल वाटते ते एका रात्रीत निकाल लागण्याचे. बैलाच्या रक्तात जंतू मारण्याची चोख व्यवस्था असते. खरचटल्यावर, काटा मोडल्यावर, गवताच्या पात्याने जीभ कापल्यावर रोज कितीतरी जंतू आत शिरतात आणि त्यांची वाट लागते. मग हाच एक सुटतो कसा?

आधी ती व्यवस्था पाहू. रक्तात पूरक प्रथिने नावाचा एक संच सतत वाहत असतो. जंतूचा परका पृष्ठभाग समोर आला की त्यातली काही प्रथिने त्याला जाऊन चिकटतात. चिकटलेले प्रथिन ही भक्षक पेशींसाठी खूण असते. त्या पेशींवर हीच खूण ओळखणारे ग्राहक असतात. खूण हाताला लागली की पेशी जंतूला गुंडाळून आत घेते आणि पचवून टाकते. पूरक प्रथिनांचा दुसराही एक मार्ग आहे : जंतूच्या पटलात ती भोक पाडतात आणि जंतू फुटतो. याखेरीज पूर्वी कधी गाठ पडली असेल, तर प्रतिपिंडे तयार असतात. तीही जंतूला धरतात आणि भक्षक पेशीच्या हवाली करतात. या सगळ्या कारभाराला एक अट आहे : जंतूच्या अंगाला हात लागला पाहिजे.

पाश्चुरेला नेमका हा हातच लागू देत नाही. त्याच्या अंगावर लांबलचक शर्करासाखळ्यांचे ओलसर, घट्ट आवरण असते. धनगर डोक्यावरून घोंगडे ओढून पावसात बसला की थेंब घोंगड्याच्या केसांवरच अडतात, आतल्या अंगाला लागत नाहीत; हे आवरण तसेच काम करते. पूरक प्रथिने खाली पटलापर्यंत पोचली, तरी ती आवरणाच्या आत गाडलेली राहतात आणि वरून चाचपणाऱ्या भक्षक पेशीला सापडत नाहीत. या साखळ्यांवर बहुधा ऋण भार असतो. पेशीच्या पृष्ठभागावरही तोच असतो. त्यामुळे दोघे एकमेकांना दूरच ठेवतात.

हा नुसता तर्क नाही. ऑस्ट्रेलियातल्या बॉइस आणि अ‍ॅडलर या संशोधकांनी २००० साली घटसर्पाच्याच जातीच्या जंतूतले आवरण बाहेर पोचवणारे एक जनुक निकामी केले. बाकी जंतू होता तसाच. मूळ जंतू अगदी थोड्या संख्येने टोचले, तरी उंदीर मरत. आवरण गमावलेल्या जंतूंची ती ताकद ओसरली. भक्षक पेशी त्यांना सहज गिळू लागल्या आणि उंदरांच्या शरीरातून ते नाहीसे झाले. एवढा मोठा रोग, पण त्याचा बराचसा जोर एका आवरणात होता.

पाश्चुरेलाच्या आवरणांचे प्रकार आहेत. कार्टर यांनी १९५०च्या दशकात त्यांना इंग्रजी अक्षरे दिली. आपल्याकडचा घटसर्प ‘बी’ प्रकाराचा, आफ्रिकेत ‘ई’ प्रकारही आढळतो. ‘ए’ प्रकाराची गोष्ट आणखी मजेशीर आहे. तो कोंबड्यांना पटकी आणि मेंढ्यांना फुप्फुसदाह करतो, आणि त्याचे आवरण हायल्युरॉनिक आम्लाचे असते. हा पदार्थ आपल्या आणि मेंढीच्या सांध्यांत, कातडीत, डोळ्यांत आधीच भरलेला आहे. आपल्याच सांध्यातल्या वंगणावर शरीर हल्ला कसा करणार? इथे जंतू नुसता झाकून घेत नाही, घरच्या माणसासारखा दिसतो. माझ्या मते ही खोडी पहिलीपेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण झाकलेल्या चोराला शोधता येते, पण घरातल्यासारखा दिसणारा पकडायचा तर घरातल्यांना इजा होण्याची भीती असते.

असे नक्कलखोर आणखी आहेत. मेंदूज्वर करणाऱ्या मेनिंगोकॉकस जंतूच्या ‘बी’ गटाचे आवरण सियालिक आम्लाच्या साखळीचे असते आणि तशीच साखळी मानवी गर्भाच्या चेतापेशींवर असते. शिवाय शरीरात फॅक्टर एच नावाचे एक प्रथिन आहे. ‘ही पेशी आपली, इथे थांबा’ असे पूरक प्रथिनांना बजावण्याचे काम ते करते. हा जंतू पृष्ठभागावरच्या एका खास प्रथिनाने नेमके तेच पकडून ठेवतो. स्टॅफिलोकॉकसची तऱ्हा आणखी वेगळी. शेळ्यामेंढ्यांची, गाईम्हशींची कास दगडासारखी करणाऱ्या जंतूंमध्ये तो प्रमुख आहे. त्याच्या अंगावरचे प्रोटीन ए प्रतिपिंडाला उलट्या बाजूने, शेपटीकडून धरते. भक्षक पेशीला धरायची असते ती हीच शेपटी. प्रतिपिंड चिकटलेले असते, पण उपयोग शून्य.

आवरण इतके कामाचे, तर सगळे जंतू ते कायम का पांघरत नाहीत? कारण ते महाग पडते. साखळ्या विणायला साखर आणि ऊर्जा जाते. शिवाय अंग झाकले की घशाच्या पेशींना धरून बसायचे जंतूचे स्वतःचे आकडेही झाकले जातात. न्यूमोकॉकस म्हणूनच नाकाघशात असताना पातळ आवरण ठेवतो आणि रक्तात उतरल्यावर जाड करतो.

या न्यूमोकॉकसने विज्ञानाला एक अनपेक्षित देणगी दिली. १९२८ साली फ्रेडरिक ग्रिफिथ यांच्यासमोर त्याच्या दोन जाती होत्या : आवरण असलेली गुळगुळीत, उंदीर मारणारी, आणि आवरण नसलेली खडबडीत, निरुपद्रवी. उष्णतेने मारलेले गुळगुळीत जंतू आणि जिवंत खडबडीत जंतू त्यांनी एकत्र टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत गुळगुळीत जंतू सापडले. मेलेल्याकडून जिवंताकडे आवरणाची विद्या गेली होती. ती कशातून गेली, याचा पिच्छा पुरवताना अ‍ॅव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी १९४४ साली डीएनएपाशी पोचले. जनुके डीएनएची असतात, हे आज शाळेतले मूलही सांगते. त्या शोधाची सुरुवात एका जंतूच्या आवरणातून झाली होती, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्याआधी, १९२३ साली, अ‍ॅव्हरी आणि हायडेलबर्गर यांनी हे आवरण शर्करेचे असल्याचे दाखवून दिले होते. यातूनच पुढची युक्ती निघाली. जंतू ज्याच्या आड लपतो तीच गोष्ट त्याच्या अंगावर सगळ्यात बाहेर असते. शरीर त्या आवरणालाच ओळखायला शिकले, त्यालाच प्रतिपिंडे चिकटली, तर लपण्याची जागा हीच सापडण्याची जागा होते. शुद्ध केलेली शर्करा टोचून मोठ्या माणसांत हे साधलेही. दोन वर्षांखालची मुले मात्र दाद देईनात. नुसत्या शर्करेला उत्तर देण्याइतकी त्यांची प्रतिकारयंत्रणा पिकलेली नसते, आणि न्यूमोनियाने मरण्याचे वय नेमके तेच. उपाय असा की शर्करेची साखळी एखाद्या प्रथिनाला रासायनिक बंधाने जोडायची. प्रथिन दिसले की मदतनीस टी-पेशी जाग्या होतात, आणि त्या जाग्या झाल्या की शर्करेविरुद्धही पक्की, आठवण ठेवणारी प्रतिपिंडे बनतात.

या जोड-लशींच्या इतिहासात पुण्याचे नाव ठळक आहे. १९६६ साली सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही मेंदूज्वराची लस डिसेंबर २०१०मध्ये बुर्किना फासोत पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. किंमत अर्ध्या डॉलरच्या आत. आफ्रिकेतल्या ज्या पट्ट्यात ‘ए’ गटाचा मेंदूज्वर दर काही वर्षांनी माणसे न्यायचा, तिथून तो जवळजवळ हद्दपार झाला. पुढे आलेली ‘मेनफाइव्ह’ ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स अशा पाच गटांवर चालते. ‘बी’ त्यात नाही. त्याचे आवरण आपल्यासारखेच असल्याने तिथे शर्करेची युक्ती लागू पडत नाही. त्याच्यासाठी वेगळ्या, प्रथिनांच्या लशी कराव्या लागल्या. त्याच संस्थेची ‘न्यूमोसिल’ ही लस २०२०च्या अखेरीस आली. न्यूमोकॉकसच्या आवरणाचे शंभरावर प्रकार आहेत, त्यांतल्या दहांवर ती काम करते. दहिवडीच्या सरकारी दवाखान्यात दीड महिन्याच्या बाळाच्या मांडीत न्यूमोकॉकसची जी सुई जाते, ती अशीच जोड-लस असते.

टायफॉइडच्या जंतूलाही ‘व्हीआय’ नावाचे आवरण असते. १९३४ साली फेलिक्स आणि पिट यांना ते सापडले. त्यावर बेतलेली जोड-लस सार्वजनिक मोहिमेतून देणारे शहर म्हणून २०१८ साली नवी मुंबईचे नाव झाले. महापालिकेने मुलांना ती टोचली आणि परिणामांवर जगभराचे लक्ष होते. टायफॉइडचा चुलतभाऊ पॅराटायफॉइड ‘ए’ मात्र या लशीला भीक घालत नाही, कारण त्याच्या अंगावर हे आवरणच नाही.

आता एका वेगळ्या चलाखीकडे वळायला हवे. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला आणि तिथून रेल्वेने, बाजारांतून दख्खनभर पसरला. सातारा जिल्ह्यानेही तो भोगला. जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले पुण्यात रुग्णांची सेवा करताना याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्याच वर्षी १० जानेवारीला मुंबईत वाल्देमार हाफकिन यांनी आपली नवी लस आधी स्वतःला टोचून घेतली होती.

प्लेगचा जंतू पिसवेत असतो तेव्हा त्याचे तापमान पंचवीस अंशांच्या आसपास असते. माणसात शिरला की ३७. हा फरक त्याला कळतो. त्याच्या बाह्य पटलात मेदशर्करेचे रेणू असतात. आपल्या पेशींवरचा एक ग्राहक हे रेणू हेरून धोक्याची सूचना देतो, पण त्याला ओळख पटते ती रेणूला सहा मेदसाखळ्या असतील तेव्हा. पिसवेतल्या थंडाव्यात जंतू सहा साखळ्यांचे रेणू बनवतो. माणसाच्या उबेत तो चारांवर येतो. सूचना जातच नाही. शरीराला जाग येईपर्यंत जंतूंनी लसिकाग्रंथी भरून टाकलेल्या असतात. जांघेतली आणि काखेतली ती गाठ हीच. शिवाय त्याच ३७ अंशांना तो एफ-१ नावाचे प्रथिनांचे आवरणही अंगावर घेतो.

२००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याची उलट तपासणी केली. आतड्यातल्या साध्या ई. कोलाय जंतूचे एक जनुक त्यांनी प्लेगच्या जंतूत घातले. त्यामुळे ३७ अंशांनाही तो सहा साखळ्यांचे रेणू करू लागला. एवढ्याने प्लेगचा प्लेगपणाच गेला. उंदरांनी भरमसाट मात्रा पचवली, आणि पुढे खऱ्या प्लेगपासूनही ते वाचले. १८९७च्या त्या उन्हाळ्यात पुण्या-साताऱ्यात घरे रिकामी करून माणसे माळावर झोपड्यांत राहिली. पुण्यातला प्लेग-अधिकारी रँड याच्या अंमलदारांनी उंबरे ओलांडले, खून झाले, फाशी झाल्या. त्या सगळ्यामागे दोन मेदसाखळ्यांचा हिशेब होता, हे माहीत असायला कोणाला काही मार्ग नव्हता.

शेवटी फाशी, म्हणजे जनावरांचा अँथ्रॅक्स, माणसाच्या कातडीवर होतो ती काळपुळी. आवरणाविषयी जे काही आपण शिकलो, ते या रोगाइतके स्वच्छ दुसरीकडे कुठेच दिसत नाही. इतर जंतू शर्करा विणतात. हा जंतू ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाची माळ ओवतो, आणि तीही उजव्या हाताच्या घडणीची. सजीवांची प्रथिने बनतात ती डाव्या हाताच्या घडणीच्या अमिनो आम्लांची. आपली पाचक विकरे ही माळ तोडू शकत नाहीत आणि प्रतिकारयंत्रणेला ती लक्ष देण्याजोगी वाटत नाही. जमिनीत बीजाणू होऊन पडलेला असताना जंतू हे आवरण करत नाही. रक्तातली ऊब आणि कार्बन डायऑक्साइड जाणवला की करतो.

पाश्चर यांनी १८८१ साली पुयी-ल-फोर इथे मेंढ्यांवर या रोगाच्या लशीचा जाहीर प्रयोग करून दाखवला. जंतू ४२-४३ अंशांवर वाढवून दुबळा करायचा, ही त्यांची पद्धत. पुढे कळले की या पद्धतीत विषाची जनुके असलेला डीएनएचा तुकडा गळून पडतो, आवरणाचा मात्र राहतो. ही लस कधी फिकी पडे, कधी लस दिलेले जनावरच दगावे. १९३७ साली दक्षिण आफ्रिकेत ओंडरस्टेपूर्टच्या संस्थेत मॅक्स स्टर्न यांनी नेमके उलट केले. रक्तद्रव घातलेल्या आगरावर, कार्बन डायऑक्साइड भरलेल्या हवेत त्यांनी जंतू वाढवले. आवरणाच्या वसाहती चकचकीत, बुळबुळीत दिसत. त्यांतून मधूनच एखादा कोरडा, खडबडीत भाग फुटे. तो त्यांनी उचलला. हा जंतू विष बनवत होता, पण आवरण विसरला होता. जनावराच्या शरीरात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळत, आणि तोवर झालेल्या थोड्या विषाविरुद्ध प्रतिकारशक्ती तयार होई. जगभर आजही जनावरांना देतात ती फाशीची लस मुख्यतः याच स्टर्नच्या जंतूची आहे. आवरणाची जनुके प्लाझमिड नावाच्या डीएनएच्या वेगळ्या तुकड्यावर असतात आणि स्टर्नच्या जंतूने तोच गमावला होता, हे कळायला १९८०चे दशक उजाडावे लागले. पन्नास वर्षे लस वापरात होती आणि ती का चालते, हे कोणाला नीट माहीत नव्हते.

तालुक्याच्या दवाखान्यात या रोगाचे निदानही आवरणावरूनच होते. मेलेल्या जनावराच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घेतात आणि जुन्या मेथिलीन ब्लूने रंगवतात. सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी टोकांच्या निळ्या कांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबी कडा दिसली, की निकाल लागला. ती गुलाबी कडा म्हणजे आवरण. मॅकफेडियन यांनी १९०३ साली ही पद्धत सांगितली, अजून तीच चालते. लस मात्र सरसकट देत नाहीत. रोग पूर्वी आढळलेल्या गावांतच देतात, कारण ती जिवंत बीजाणूंची असते.

कानाचा एकच थेंब का घ्यायचा? जनावर फाडले, तर रक्तातल्या जंतूंना हवा लागते. आवरण टाकून ते बीजाणू होतात, आणि बीजाणू मातीत दशकानुदशके टिकतात. दुष्काळात गवताच्या मुळापर्यंत तोंड लावणाऱ्या मेंढीच्या पोटात ते पुन्हा जातात. म्हणून माणदेशातल्या आणि कुठल्याही गावातल्या पशुपालकांना एक विनंती : धडधाकट जनावर अचानक मेले, पोट फुगले आणि नाकातोंडातून काळपट, न गोठणारे रक्त आले, तर ते कापू नका, कातडे काढू नका, कुत्र्यांसाठी माळावर टाकू नका. हात न लावता दवाखान्याला कळवा आणि डॉक्टर सांगतील तिथे खोल पुरा.